मोठी थ्रॉटल बॉडी व तिचा सेन्सर बसवून घेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून इंजिनात बदल केलेल्या गाड्या आमच्या गॅरेजमध्ये येतात, आणि मोठी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) बसवून द्या, ही मागणी वारंवार होते. काम सांगण्यापूर्वी ग्राहकांनी हे पत्रक वाचावे, अशी विनंती आहे.

थ्रॉटल बॉडी स्वतः ताकद वाढवत नाही. इंजिन ओढेल तेवढ्या हवेला ती वाट देते. विहिरीचा झराच कमी असेल तर जाड पाइप टाकून केळीला जास्त पाणी मिळत नाही, तसेच हे आहे. ४६ मिलिमीटरऐवजी ५२ मिलिमीटरची बॉडी घेतल्यास वाटेचे क्षेत्रफळ सुमारे २८ टक्क्यांनी वाढते. परंतु कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), हेड (सिलिंडरवरचा भाग) आणि सायलेन्सर मूळचेच असतील तर ताकदीत फारसा फरक पडत नाही, उलट पॅडल जरासे दाबताच गाडी झटका घेते. अशा गाडीसाठी हा खर्च करू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. मॅनिफोल्डचे (थ्रॉटल बॉडीतून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचे) तोंड नव्या मापाला जुळवून घेणे आणि नवे गॅस्केट टाकणे हेही या कामातच येते, कारण जोडातून थोडी जरी हवा शिरली तरी आयडलिंग (पॅडल न दाबता इंजिन चालणे) स्थिर राहत नाही.

खरा वेळ सेन्सरला लागतो. बटरफ्लायच्या, म्हणजे थ्रॉटल बॉडीतील गोल झडपेच्या, दांड्यावरील पोझिशन सेन्सरला ईसीयूकडून (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाकडून) ५ व्होल्ट मिळतात आणि झडप बंद असताना साधारण ०.५, तर पूर्ण उघडल्यावर ४.५ व्होल्टच्या आसपास सिग्नल परत जातो. बाहेरच्या बनावटीच्या सेन्सरमध्ये पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि काहींचा व्होल्टेज झडप उघडताना वाढण्याऐवजी उतरतो. म्हणून कनेक्टर बसला म्हणजे जोडणी बरोबर झाली असे आम्ही मानत नाही, प्रत्येक वायर मल्टिमीटरने तपासतो. वायरी उलटसुलट झाल्यास ५ व्होल्टची लाइन खाली बसते आणि त्याच लाइनवरील इतर सेन्सरही चुकीची माहिती देऊ लागतात. त्यानंतर बंद आणि पूर्ण उघडी अशा दोन्ही स्थिती ईसीयूत नोंदवाव्या लागतात. ही नोंद बॉनेटखाली हाताने झडप उघडून नव्हे, तर सीटवर बसून पायाने पॅडल दाबून घेतो; केबल सैल असेल किंवा मॅट आड येत असेल तर झडप पूर्ण उघडत नाही, हे तेव्हाच कळते.

आयडल कमी वाटले म्हणून स्टॉप स्क्रू (झडप बंद होताना जिथे अडते तो स्क्रू) फिरवू नये, ही आमची आग्रहाची सूचना आहे. स्क्रू फिरवल्याने सेन्सरचा शून्य बिंदू सरकतो, झडप बंद आहे हे ईसीयूला समजत नाही, आणि मग आयडलचे नियंत्रण बिघडते, तसेच उतारावर पाय काढल्यावर पेट्रोल तोडण्याचे कामही होत नाही. ओळखीच्या मिस्त्रीकडूनही हा स्क्रू हलवून घेऊ नये.

टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र) असलेल्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मूळचा १ बारचा सेन्सर बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, ओळखू शकत नाही, त्यामुळे किमान २ बारचा सेन्सर बसवून त्याचे प्रमाण ईसीयूत भरावे लागते. केबलऐवजी मोटरवर चालणाऱ्या थ्रॉटलचे काम, ईसीयू त्यासाठी योग्य नसल्यास, आम्ही घेत नाही. त्यातील दोन पोझिशन सेन्सरांचा मेळ न बसल्यास गाडी जेमतेम चालण्याच्या अवस्थेत जाते.

गाडी आम्ही रात्रभर ठेवून घेतो, कारण सकाळी पूर्ण थंड इंजिनाचे स्टार्टिंग पाहिल्याशिवाय ट्यूनिंग संपत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखालील हवा तापते आणि हवेचे तापमान मोजणारा सेन्सर भलताच आकडा दाखवू शकतो. म्हणून भर दुपारी गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याची चाचणीही घेतली जाते. शक्य असल्यास चाळीसगावजवळील कन्नड घाटात भार देऊन पाहतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. आधी केलेले बदल त्यात बसतात की नाही, याची खात्री मालकाने करावी आणि विमा कंपनीलाही त्यांची माहिती द्यावी. काम झाल्यावर पीयूसी चाचणी नव्याने करून घ्यावी.

गाडी आणताना नोंदणी प्रमाणपत्र, आधी बसवलेल्या पार्टची यादी, ईसीयूचा तपशील आणि काढून ठेवलेली मूळ थ्रॉटल बॉडी असल्यास तीही सोबत आणावी.