कुंपणानेच शेत खाल्ले तेव्हा : अल्बर्ट फॉल आणि टीपॉट डोम

अमेरिकेच्या 'डिपार्टमेंट ऑफ द इंटिरिअर'चा आपल्याकडच्या गृहखात्याशी काही संबंध नाही. देशाचा पोलीस कारभार, कायदा-सुव्यवस्था ही या खात्याची कामे नसतात. 1849 साली स्थापन झालेले हे खाते मुख्यतः जमीन सांभाळते. पश्चिमेकडच्या राज्यांतली सरकारी मालकीची चराऊ राने, राष्ट्रीय उद्याने, त्या जमिनीखालचे तेल, वायू आणि कोळसा, शिवाय मूलनिवासी जमातींच्या जमिनींचे विश्वस्तपद असा त्याचा पसारा आहे. आज सुमारे 50 कोटी एकर जमीन या खात्याच्या ताब्यात आहे. देशाच्या भूभागाचा हा जवळपास पाचवा हिस्सा. जमीन जपायची आणि तीच जमीन खोदायला परवानगीही द्यायची, अशी दोन कामे एकाच मंत्र्याच्या टेबलावर येतात. 2025 पासून या खुर्चीत असलेले डग बर्गम अध्यक्षांच्या राष्ट्रीय ऊर्जा वर्चस्व परिषदेचेही प्रमुख आहेत, त्यामुळे हा पेच पुन्हा चर्चेत आहे. आणि ही चर्चा निघाली की शंभर वर्षांपूर्वीचे एक नाव हमखास निघते. ते म्हणजे अल्बर्ट बेकन फॉल.

लाच घेऊन तुरुंगात गेलेला मंत्री, एवढीच फॉल यांची ओळख उरली आहे. मला त्या लाचेपेक्षा तिच्या आधी घडलेले जास्त गंभीर वाटते. नोटांची बॅग त्यांच्या हाती पडली त्याच्या सहा महिने आधीच नौदलासाठी राखलेल्या तेलसाठ्यांचा ताबा त्यांच्याकडे आला होता. तो राजरोस आला होता, एका सहीने.

फॉल यांचा जन्म 1861 सालचा, केंटकीतला. लहानपणी कापडगिरणीत काम, मग शाळामास्तरकी, जोडीला कायद्याचा अभ्यास. प्रकृतीच्या कारणाने ते पश्चिमेकडे गेले. मेक्सिकोत आणि पुढे न्यू मेक्सिको प्रदेशातल्या किंग्स्टनच्या खाणवस्तीत त्यांनी नशीब आजमावले. चांदीच्या मागे लागलेल्यांच्या त्या गर्दीत एडवर्ड डोहेनी नावाचा दुसरा एक तरुणही होता. पुढे हा डोहेनी कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या तेलावर अमाप श्रीमंत झाला. फॉल वकील झाले आणि राजकारणात शिरले. दोस्ती टिकली.

न्यू मेक्सिको तेव्हा राज्य झालेले नव्हते, आणि तिथले राजकारण बंदुकीपासून फार लांब नव्हते. फॉल यांचे कट्टर राजकीय वैरी अल्बर्ट फाउंटन 1896 च्या फेब्रुवारीत आठ वर्षांच्या मुलासह व्हाइट सँड्सच्या वाळवंटालगत बेपत्ता झाले. बापलेकांचे मृतदेह आजवर सापडलेले नाहीत. या प्रकरणी ऑलिव्हर ली आणि त्यांच्या साथीदारावर खटला उभा राहिला तेव्हा त्यांचे वकीलपत्र फॉल यांनीच घेतले. 1899 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. नामचीन गुंड बिली द किडला मारणारे शेरीफ पॅट गॅरेट यांच्या खुनाच्या आरोपातून वेन ब्रेझेल सुटला, तेव्हाही बचावाला फॉलच होते. डेमोक्रॅटिक पक्षातून सुरुवात केलेले फॉल वारे ओळखून रिपब्लिकन झाले. 1912 साली न्यू मेक्सिकोला राज्याचा दर्जा मिळाला आणि त्याच्या पहिल्या दोन सिनेटरांपैकी एक फॉल होते. सिनेटमध्ये ओहायोचे वॉरन हार्डिंग त्यांचे स्नेही झाले. तेच हार्डिंग 1920 ची अध्यक्षीय निवडणूक जिंकले.

सरकारी जमिनीबद्दल फॉल यांचे मत काय होते, हे वॉशिंग्टनमध्ये कुणापासून लपलेले नव्हते. जंगले, खनिजे, चराऊ राने सरकारने धरून ठेवू नयेत, राज्यांच्या आणि खासगी उद्योजकांच्या हाती द्यावीत, असे ते उघडपणे मांडत. संवर्धनाच्या चळवळीशी त्यांचे उभे वैर होते. ते स्वतः टुलारोसा खोऱ्यातल्या थ्री रिव्हर्स या विस्तीर्ण रँचचे मालक. चराई, पाणी, खाण या प्रश्नांत त्यांचे स्वतःचे हितसंबंध गुंतलेले होते. तरीही मार्च 1921 मध्ये इंटिरिअर खात्याच्या मंत्रिपदासाठी त्यांचे नाव आले तेव्हा सिनेटने ते समितीकडेही पाठवले नाही. आपल्यातलाच माणूस म्हणून जागच्या जागी मंजुरी दिली. एकही प्रश्न विचारला गेला नाही, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त खटकते. प्रश्न विचारायला लागणारी सगळी माहिती सभागृहातल्या प्रत्येकाकडे होती.

आता त्या तेलसाठ्यांबद्दल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेचे नौदल कोळशावरून तेलावर येत होते. त्याच वेळी कॅलिफोर्नियात सरकारी जमिनीवर जो तो विहिरी खणत सुटला होता. युद्धाच्या वेळी तेलच उरले नाही तर काय, ही धास्ती खरी होती. म्हणून अध्यक्ष टाफ्ट यांनी 1909 मध्ये तेलाच्या जमिनी खुल्या दाव्यांतून, म्हणजे जो आधी येईल त्याचा हक्क या पद्धतीतून, काढून घेतल्या आणि 1912 मध्ये कॅलिफोर्नियातली एल्क हिल्स आणि ब्युएना व्हिस्टा ही दोन क्षेत्रे नौदलासाठी राखून ठेवली. 1915 मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी तिसरे क्षेत्र जोडले. ते वायोमिंगमधल्या कॅस्परच्या उत्तरेचे टीपॉट डोम. जवळच्या चहाच्या किटलीसारख्या दिसणाऱ्या खडकावरून त्याला हे नाव पडले. इथले तेल काढायचे नव्हते. ते जमिनीतच ठेवायचे होते, गरज पडेल तेव्हासाठी.

1920 साली दोन महत्त्वाचे कायदे झाले. एकाने सरकारी जमिनीवरचे तेल दाव्याने मिळवण्याची जुनी पद्धत बंद करून भाडेपट्टा आणि रॉयल्टीची (काढलेल्या तेलातल्या सरकारच्या वाट्याची) पद्धत आणली. आजही अमेरिकेतला सरकारी जमिनीवरचा तेलव्यवहार याच कायद्याच्या पायावर चालतो. दुसऱ्याने नौदलाच्या साठ्यांचे जतन आणि वापर याबाबतचे अधिकार नौदलमंत्र्यांना दिले. फॉल यांच्या वाटेतली अडचण हा दुसरा कायदा होती. नौदलमंत्री एडविन डेन्बी यांनी ती आपणहून दूर केली. नौदलातल्या काही वरिष्ठ अधिकाऱ्यांचा विरोध असूनही त्यांनी साठ्यांचा कारभार फॉल यांच्याकडे सोपवायला संमती दिली आणि 31 मे 1921 रोजी हार्डिंग यांनी तसा आदेश काढला. मंत्री होऊन फॉल यांना तीन महिनेही झाले नव्हते.

त्या वर्षाच्या 30 नोव्हेंबरला डोहेनी यांचा मुलगा नेड एका काळ्या बॅगेत 1 लाख डॉलर रोख घेऊन वॉशिंग्टनच्या हॉटेलात फॉल यांच्याकडे पोहोचला. मंत्र्याचा वार्षिक पगार तेव्हा 12 हजार डॉलर होता. थ्री रिव्हर्स कर्जात बुडालेले होते, कित्येक वर्षांचा कर थकला होता. शेजारची हॅरिस रँच विकायला निघाली होती आणि पाण्याच्या दृष्टीने ती हातची जाऊ देणे फॉल यांना परवडणारे नव्हते. 91,500 डॉलरला ती त्यांनी घेतली.

7 एप्रिल 1922 रोजी टीपॉट डोमचे संपूर्ण क्षेत्र, साडेनऊ हजार एकरांच्या आसपास, तेलउद्योजक हॅरी सिंक्लेअर यांच्या मॅमथ ऑइल कंपनीला भाडेपट्ट्याने दिले गेले. निविदा नाही, जाहिरात नाही, काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, कल्पना नाही. एल्क हिल्स त्याच वर्षात डोहेनी यांच्या पॅन अमेरिकन कंपनीकडे गेले. गुप्ततेचे कारण विचारले की संरक्षणाचा मुद्दा पुढे केला जाई.

या करारांतली खरी मेख रॉयल्टीच्या कलमांत होती. रॉयल्टीचे पैसे सरकारी तिजोरीत आले असते तर ते खर्च करायला काँग्रेसची मंजुरी लागली असती. म्हणून रॉयल्टीच्या तेलाच्या बदल्यात कंपन्यांनी नौदलाला साठवण-टाक्या बांधून द्यायच्या, अशी तजवीज केली गेली. पर्ल हार्बरच्या टाक्या अशाच डोहेनी यांच्या कंपनीने बांधल्या. म्हणजे जमिनीतले तेल काढून, त्यातलाच वाटा खर्चून, उरलेले तेल लोखंडी टाक्यांत भरायचे, आणि हे सगळे लोकप्रतिनिधींना बगल देऊन. हातात एक डॉलरही पडला नसता तरी हा व्यवहार तितकाच घातक ठरला असता.

फॉल यांच्या बाजूने एक मुद्दा होता आणि तो सांगायला हवा. तेल जमिनीखाली सरकते. राखीव क्षेत्राच्या सीमेवर खासगी विहिरी चालू असतील तर आतले तेल हळूहळू बाहेर ओढले जाते. टीपॉट डोमला लागून सॉल्ट क्रीकचे मोठे तेलक्षेत्र होते, त्यामुळे ही भीती अगदीच हवेतली नव्हती. पण तिच्यावरचा उपाय सीमेलगत मोजक्या विहिरी खणण्याचा होता, त्याही उघड निविदा काढून. एका माणसाला अख्खे क्षेत्र देण्याची त्यासाठी गरज नव्हती. दिल्यानंतर तर त्या ताब्याच्या रक्षणाला सरकारच धावले. दुसऱ्याच एका कंपनीने टीपॉट डोमवर खोदाई सुरू केल्यावर फॉल यांच्या सांगण्यावरून तिला हुसकायला मूठभर मरीन सैनिक पाठवले गेले.

वॉल स्ट्रीट जर्नलने 14 एप्रिल 1922 रोजी बातमी फोडली. दुसऱ्याच दिवशी वायोमिंगचे सिनेटर जॉन केन्ड्रिक यांनी सिनेटमध्ये खुलासा मागितला. सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट यांनी चौकशीचा आग्रह धरला आणि काम माँटानाचे सिनेटर थॉमस वॉल्श यांच्या गळ्यात पडले. वॉल्श कागदपत्रे वाचत बसले, महिनोन् महिने. दरम्यान फॉल न्यू मेक्सिकोतल्या पुएब्लो जमातींच्या जमिनींच्या वादात गुरफटले. बाहेरून येऊन वसलेल्यांचे दावे पक्के करणाऱ्या बर्सम विधेयकाला त्यांचा पाठिंबा होता. त्याविरुद्ध नोव्हेंबर 1922 मध्ये पुएब्लो वस्त्या एकत्र आल्या आणि ते विधेयक पडले. तेलाच्या गदारोळात ही गोष्ट मागे पडते, पण जमिनीकडे पाहण्याची त्यांची नजर तीच होती. मार्च 1923 मध्ये फॉल यांनी राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये हार्डिंग वारले.

ऑक्टोबर 1923 मध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी सुरू झाली. तिला कलाटणी दिली ती कार्ल मॅगी या अल्बुकर्कच्या संपादकाने. 1920 मध्ये फॉल यांनी आपण कफल्लक असल्याचे त्यांना स्वतःच सांगितले होते. नंतर मॅगी थ्री रिव्हर्सला गेले तर तिथे नवा रस्ता, प्रवेशद्वारी नवे दिमाखदार खांब. त्यांनी जे पाहिले ते समितीला सांगितले. (पुढे ओक्लाहोमा सिटीत पार्किंग मीटरची कल्पना काढणारे मॅगी ते हेच.) पैसा आला कुठून, हा साधा प्रश्न मग टाळता येईना. फॉल यांनी वॉशिंग्टन पोस्टचे मालक नेड मॅक्लीन यांच्याकडून कर्ज घेतल्याचे सांगितले. वॉल्श स्वतः फ्लोरिडाला जाऊन मॅक्लीन यांना भेटले आणि ती थाप निघाली. 24 जानेवारी 1924 रोजी डोहेनी यांनी साक्षीत कबूल केले की पैसे आपले होते. जुन्या मित्राला दिलेले कर्ज, आपल्या दृष्टीने किरकोळ रक्कम, असा त्यांचा पवित्रा. त्यांनी वचनचिठ्ठीही दाखवली. तिच्यावरची सही फाडलेली होती. सिंक्लेअर यांच्याकडून फॉल यांच्या जावयामार्फत लिबर्टी बाँड (सरकारी कर्जरोखे) आल्याचेही पुढे उघड झाले. थ्री रिव्हर्सला पाठवलेली गाईगुरे आणि डुकरे वेगळीच.

अध्यक्ष कूलिज यांनी ओवेन रॉबर्ट्स आणि ॲटली पोमरीन या दोन वकिलांना, एक रिपब्लिकन तर दुसरा डेमोक्रॅट, खास नेमले. 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फसवणूक आणि संगनमताचा ठपका ठेवून दोन्ही भाडेपट्टे रद्द केले. टाक्यांवर झालेला खर्चही डोहेनी यांच्या कंपनीला परत मिळाला नाही. त्याच वर्षी, याच चौकशांच्या मालिकेतून उद्भवलेल्या दुसऱ्या एका खटल्यात, काँग्रेसला साक्षीदार सक्तीने बोलावता येतात हे न्यायालयाने स्पष्ट केले. अमेरिकेतल्या संसदीय चौकशांना आजही या निकालाचा आधार लागतो. लाचेच्या शिक्षेपेक्षा ही मिळकत मला मोठी वाटते.

फॉल यांना 25 ऑक्टोबर 1929 रोजी दोषी ठरवले गेले. एक वर्ष कैद आणि 1 लाख डॉलर दंड. पदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेले ते पहिले अमेरिकी मंत्री. खालावलेल्या प्रकृतीने ते जुलै 1931 मध्ये सांता फेच्या तुरुंगात दाखल झाले आणि नऊएक महिन्यांनी सुटले. दंड भरायला त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. तीच रक्कम लाच म्हणून दिल्याच्या आरोपातून डोहेनी मात्र मार्च 1930 मध्ये सुटले. घेणारा दोषी, देणारा निर्दोष. सिंक्लेअर काही महिने आत गेले, पण ते सिनेटला उत्तरे नाकारल्याबद्दल आणि ज्युरींवर पाळत ठेवल्याबद्दल. थ्री रिव्हर्स पुढे डोहेनी यांच्याच कंपनीने कर्जवसुलीत घेतले. 1944 मध्ये एल पासोत फॉल यांचे निधन झाले. आपण देशाच्या हिताचेच केले, हा त्यांचा दावा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

टीपॉट डोम 1927 अखेर बंद करून पुन्हा सरकारच्या ताब्यात ठेवले गेले. एल्क हिल्स 1998 मध्ये ऑक्सिडेंटल कंपनीने 365 कोटी डॉलरला विकत घेतले. टीपॉट डोम जानेवारी 2015 मध्ये सुमारे साडेचार कोटी डॉलरला विकले गेले. काँग्रेसला अंधारात ठेवावे लागले नाही, आणि बातमी फोडायला कुठल्या वर्तमानपत्राची गरजही पडली नाही.