काळी चारचा रंग कोणता?

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडल्या जातात आणि पेशवेकाळापासून चालत आलेल्या या हौदांपैकी प्रत्येकाचा रंग परंपरेने ठरलेला असतो. अशा गावात रंगानुसार गाणी निवडून प्लेलिस्ट करण्याची हौस कोणाला वाटली तर नवल नाही, आणि ती हौस मला मनापासून आवडते. माझा आक्षेप आहे तो अशा याद्यांसोबत फिरणाऱ्या एका दाव्याला: रंग आणि स्वर ही दोन्ही कंपनेच असल्यामुळे प्रत्येक स्वराला त्याचा नैसर्गिक रंग असतो.

स्वराची कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने (हर्ट्झ), दुप्पट केली की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो, हे पेटी वाजवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. मग दुप्पट करतच राहू. पेटीची काळी चार ही पट्टी, म्हणजे सुमारे ४१५ हर्ट्झ, ४० सप्तके वर नेली की कंप्रता जवळजवळ ४५७ लाख कोटी हर्ट्झ होते. त्या कंप्रतेच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ६५६ नॅनोमीटर असते आणि तो लाल दिसतो. याच रीतीने काळी पाच ५८५ नॅनोमीटरवर, पिवळ्यात जाते, तर काळी एक ४९२ नॅनोमीटरवर, निळसर हिरव्यात. गणितात खोट नाही. खोट आहे ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात, कारण आपल्या संगीतात षड्ज, म्हणजे सा, ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे ठरतो. एखादी गायिका काळी चारमध्ये भूप गाईल तेव्हा तिचा सा लाल, दुसरीने काळी पाच धरली तर पिवळा, आणि काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा निळसर हिरवा. राग मात्र तिघांचाही भूपच राहतो, कारण तो ओळखला जातो स्वरांच्या परस्पर गुणोत्तरांवरून, त्यांच्या कंप्रतेच्या आकड्यांवरून नव्हे.

शिवाय दृश्य प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दरम्यान, म्हणजे पावणेदोन पटींतच आटोपतो. पुरे एक सप्तकही त्यात मावत नाही. कानाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत जवळजवळ दहा सप्तके ऐकू येतात. पांढरी चारच्या वाट्याला तर रंगच उरत नाही: एका बाजूला ती अवरक्तात, म्हणजे लालच्या अलीकडच्या अदृश्य प्रकाशात पडते आणि एक सप्तक वर नेली की जांभळ्याच्या कडेपलीकडे जाते.

कान आणि डोळा यांची कामाची पद्धतही वेगळी आहे. अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत एक पडदा असतो, जो पायथ्याशी अरुंद व ताठ आणि टोकाकडे रुंद व सैल होत जातो. उंच स्वर पायथ्याजवळ, खालचे स्वर टोकाजवळ त्याला अधिक हलवतात, आणि म्हणून एकत्र वाजलेले दोन स्वरही वेगवेगळे कळतात. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी फक्त तीन प्रकारच्या असतात. मोबाइलच्या पडद्यावरचा पिवळा हा लाल आणि हिरव्या ठिपक्यांच्या मिश्रणातून भासतो. सा आणि ग एकत्र छेडले तर मधला रे मात्र कधीच ऐकू येत नाही. न्यूटननेही १७०४ च्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात सात रंगांची सांगड सप्तकाशी घातली होती, पण थोर माणसाची आवड म्हणजे पुरावा नव्हे. ‘५२८ हर्ट्झने व्याधी बरी होते’ असे सांगून ध्वनिफिती विकणाऱ्यांना तर एवढेच विचारावे की सेकंद हे माणसाने ठरवलेले एकक. ते थोडे लांब ठरवले असते, तर तुमचा हा दैवी आकडा कोणता असता?

तरीही रंग आणि संगीत यांची जोडी लोक जुळवतात, आणि ती अगदीच मनमानी नसते. मानसशास्त्रज्ञ स्टीफन पामर आणि सहकाऱ्यांनी अमेरिका व मेक्सिकोतील श्रोत्यांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जलद, मेजर (आपल्या शुद्ध स्वरांसारख्या) स्वररचनेतील पाश्चात्त्य अभिजात संगीताला श्रोत्यांनी उजळ, ठसठशीत, पिवळ्याकडे झुकणारे रंग दिले. संथ, मायनर (कोमल गंधाराच्या) रचनांना काळपट, फिके, निळसर. दुवा होता भावनेचा: जे संगीत आनंदी वाटले, त्याला आनंदी वाटणारा रंग.

म्हणून प्लेलिस्ट करताना लय आणि भाव पाहावा. पिवळ्यासाठी द्रुत, शुद्ध स्वरांची गाणी निवडावीत, राखाडीसाठी विलंबित. भरताच्या नाट्यशास्त्रातही करुण रसाला कपोतवर्ण, म्हणजे पारव्याचा राखी रंग दिला आहे, आणि तो या अभ्यासाशी बऱ्यापैकी जुळतो. निळ्यापाशी मात्र पंचाईत होते, कारण भरताने निळा दिला आहे बीभत्साला.