इंग्रजीतर भाषांतील ज्ञानग्रंथांचे मुक्त प्रकाशन

संशोधनपर ग्रंथ आंतरजालावर कोणालाही विनामूल्य वाचता यावा आणि परवान्याच्या अटी पाळून पुन्हा वापरता यावा अशा रीतीने प्रसिद्ध करणे, याला मुक्त प्रकाशन किंवा ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने या चळवळीला आकार दिला, तेव्हा डोळ्यांसमोर नियतकालिकांतले शोधनिबंध होते. ग्रंथांची पाळी बरीच उशिरा आली. इतिहास, पुरातत्त्व, कायदा, साहित्य या विषयांचे अभ्यासक अजूनही आपले मुख्य काम ग्रंथरूपाने आणि बहुधा आपल्या भाषेत मांडतात. त्यामुळे ग्रंथ मागे राहिले तेव्हा इंग्रजीबाहेरचे ज्ञानही मागे राहिले.

मुख्य अडचण खर्चाची. वाचकाने पैसे द्यायचे नाहीत, तर संपादन, तज्ज्ञांकडून परीक्षण, मुद्रितशोधन, मांडणी यांचा खर्च कोणी सोसायचा? इंग्रजीतील मोठे व्यापारी प्रकाशक लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून शुल्क घेतात. एका ग्रंथाला ते दहा हजार युरोंच्याही पुढे जाते. काहीशे प्रती खपणाऱ्या फिनिश किंवा पोर्तुगीज ग्रंथाला हा मार्ग परवडणारा नाही. मात्र या भाषांतील विद्यापीठ-प्रकाशने मुळातच सार्वजनिक अनुदानावर चालत होती. विक्रीतून हाती फारसे लागत नव्हते, तेव्हा फुकट देऊन गमावण्यासारखेही थोडेच होते. लहान बाजारपेठांना मुक्त प्रकाशन सोपे गेले ते यामुळे.

फ्रान्समधील ओपनएडिशन बुक्स हे याचे सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण. मारँ दाको यांनी १९९९ मध्ये मानव्यविद्यांच्या नियतकालिकांसाठी एक संकेतस्थळ सुरू केले. त्यातूनच पुढे मार्सेय येथे ओपनएडिशन ही सार्वजनिक संस्था उभी राहिली आणि २०१३ मध्ये तिचा ग्रंथविभाग सुरू झाला. तिची युक्ती साधी आहे. ग्रंथ वेबपानाच्या रूपात सर्वांना खुला असतो. पीडीएफ आणि ईपब (ई-पुस्तकाचा एक साचा) प्रती मात्र ग्रंथालयांना विकल्या जातात. येणाऱ्या पैशाचा मोठा वाटा प्रकाशकाकडे जातो. प्रकाशकाने आपल्या यादीतील किमान निम्मी पुस्तके तरी खुली ठेवावीत अशी अपेक्षा असते. लेखकाला काही द्यावे लागत नाही. कॉलेज द फ्रान्समधील उद्घाटनपर व्याख्याने, रेन विद्यापीठाचे इतिहासग्रंथ, तसेच पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेची भारतविषयक प्रकाशने या एकाच ठिकाणी सापडतात. जुन्या छापील ग्रंथांचे अंकीकरण करून ते चढवण्यावरही भर दिला गेला.

कट्टर समर्थक याला अर्धमुक्त म्हणतात, आणि ते चूक नाहीत. कित्येक ग्रंथांवर क्रिएटिव्ह कॉमन्स या पुनर्वापराची मुभा देणाऱ्या प्रचलित परवान्याऐवजी संस्थेचा स्वतःचा, अधिक आखडता परवाना असतो. कारण जुन्या करारांत लेखकांनी पुनर्वापराची मुभा दिलेलीच नव्हती. तरी वाचायला मिळणे आणि वापरायला मिळणे यांतले पहिले आधी साधले, हे व्यवहाराला धरूनच झाले.

ब्राझीलने जवळपास त्याच सुमारास वेगळी वाट धरली. नियतकालिकांसाठी आधीपासून चालू असलेल्या सायलो या मुक्त व्यासपीठाच्या जोडीला २०१२ मध्ये सायलो बुक्स आले. साओ पाउलो राज्य विद्यापीठ, बाहिया संघीय विद्यापीठ आणि रिओची सार्वजनिक आरोग्यसंस्था फिओक्रुझ या तिघांच्या प्रकाशनसंस्थांनी त्याची सुरुवात केली. बहुतेक ग्रंथ पोर्तुगीजमध्ये आहेत.

२०१९ च्या हेलसिंकी उपक्रमाने संशोधनातील बहुभाषिकतेची बाजू मांडताना नेमके दुखणे ओळखले: स्थानिक भाषेत प्रकाशन करणाऱ्या संस्था टिकवा आणि संशोधकांचे मूल्यमापन करताना भाषेवरून डावे-उजवे करू नका. बढतीसाठी इंग्रजीच मोजली जात असेल, तर मुक्त व्यासपीठ असूनही त्यावर ठेवायला ग्रंथ येणार कुठून?

ग्रंथ सापडणे हाही मोठा प्रश्न आहे. हेगच्या ओआपेन संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेल्या मुक्त ग्रंथांच्या निर्देशिकेत नोंद व्हायला परीक्षण आणि खुला परवाना दोन्ही लागतात. तिथे जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश ग्रंथ भरपूर असले तरी भारतीय भाषा जवळपास दिसत नाहीत.

मराठीत फुकट उपलब्ध असलेले ग्रंथ मात्र कमी नाहीत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने पीडीएफ स्वरूपात खुली केली आहेत, मराठी विश्वकोशही आंतरजालावर वाचता येतो. पण फुकट मिळणे म्हणजे परवान्याने मुक्त असणे नव्हे. बऱ्याच जुन्या प्रती पानांची नुसती छायाचित्रे असतात, त्यांत शब्द शोधता येत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात, म्हणून पुन्हा मुद्रितशोधन करावे लागते. कायद्याची बाजू त्यामानाने सोपी आहे: लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी भारतात स्वामित्वहक्क संपतो. १९२६ मध्ये वारलेले वि. का. राजवाडे आणि १९३७ मध्ये वारलेले ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर यांचे लेखन त्यामुळे कोणालाही छापता, चढवता येते. अलीकडच्या लेखकांच्या बाबतीत प्रत्येक ग्रंथासाठी लेखकाची वा वारसांची आणि करारानुसार प्रकाशकाची लेखी संमती मिळवावी लागते.