वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन : मनाने घेण्यातील धोके

वनस्पतींमधील काही संयुगे शरीरातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या ग्राहींना, म्हणजे ते पेशींत जिथे जोडले जाते त्या जागांना, चिकटतात. कधी ती त्या संप्रेरकाचेच काम करतात, तर कधी त्याची वाट अडवतात. त्यांना वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन किंवा फायटोइस्ट्रोजेन म्हणतात. सोयाबीनमधील जेनिस्टीन व डेडझीन आणि थायलंडमधील पांढऱ्या क्वाव क्रुआ वेलीच्या कंदातील मिरोएस्ट्रॉल ही त्यांपैकी नेहमी नाव निघणारी. रजोनिवृत्तीतील गरम झळा थांबाव्यात म्हणून, स्तनवाढीसाठी किंवा पारलिंगी (जन्मतः पुरुष म्हणून नोंदल्या गेलेल्या) स्त्रियांकडून संप्रेरकोपचाराऐवजी ती गोळ्या, चूर्ण व अर्काच्या रूपात घेतली जातात. २००२ मध्ये रजोनिवृत्त स्त्रियांवरील संप्रेरकोपचाराच्या अमेरिकेतील मोठ्या वैद्यकीय प्रयोगाचा एक भाग धोक्यांमुळे मुदतीआधीच थांबवला गेला आणि त्यानंतर ‘नैसर्गिक’ पर्यायांकडे ओढा आणखी वाढला.

ही संयुगे अगदीच निरुपद्रवी नाहीत, हे आधी मेंढ्यांनी दाखवले. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. खच्ची केलेल्या नरांना चक्क दूध येऊ लागले. चाऱ्यातील फॉर्मोनोनेटिन या वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनपासून मेंढीच्या पोटात इक्वॉल हे अधिक प्रभावी संयुग तयार होत होते. माणसाच्या आतड्यातील जिवाणूही डेडझीनपासून इक्वॉल बनवतात, पण सगळ्यांच्या नाही. त्यामुळे मैत्रिणीला मानवलेली मात्रा आपल्यालाही तशीच मानवेल, असे धरून चालता येत नाही.

जेनिस्टीन हे इस्ट्रॅडिऑलपेक्षा, म्हणजे शरीरातील मुख्य इस्ट्रोजेनपेक्षा, कितीतरी दुबळे आहे, हे खरे. मात्र अर्क घेणाऱ्याच्या रक्तात त्याचे प्रमाण इस्ट्रॅडिऑलच्या अनेक पटींनी वाढू शकते. नेहमीच्या जेवणातले सोयाबीन आणि एकवटलेला अर्क यांना एकाच मापाने मोजू नये. अर्थात अतिरेक खाण्यापिण्यातही होतो. २००८ मध्ये रोज जवळपास तीन लिटर सोयादूध पिणाऱ्या साठीच्या एका पुरुषाचे स्तन वाढून दुखू लागल्याची नोंद झाली. दूध बंद केल्यावर त्रास ओसरला.

गर्भाशयाबाबतचे पुरावे सरळ एका बाजूला झुकत नाहीत. इटलीत रजोनिवृत्त स्त्रियांना पाच वर्षे रोज १५० मिलिग्रॅम सोया आयसोफ्लेव्होन (जेनिस्टीन, डेडझीन यांचा गट) दिले, तेव्हा २००४ च्या अहवालानुसार काहींच्या गर्भाशयाचे अस्तर अवाजवी जाड झाले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत तसे एकही उदाहरण नव्हते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मात्र २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून रजोनिवृत्त स्त्रियांच्या स्तन, गर्भाशय व थायरॉईडवर अपायाचा पुरावा आढळला नाही, असे म्हटले. माझ्या मते खरा घात वेगळ्याच जागी होतो: पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव दिसला, तर बाई ‘गोळीमुळे असेल’ म्हणून थांबते आणि कर्करोगाची तपासणी लांबते.

दुसरी अडचण बाटलीतल्या मालाची. पीसी-स्पेस हे आठ वनस्पतींचे मिश्रण पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगासाठी घेतले जाई. त्याने पुरुषांचे स्तन दुखू लागत, काहींच्या रक्तात गुठळ्या झाल्या. पुढे त्याच्या काही साठ्यांत डायइथाइलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन सापडले, काहींत रक्त पातळ करणारे वॉरफरीनही निघाले. २००२ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले.

इतर औषधांशीही यांचे जमतेच असे नाही. सोयामुळे थायरॉईडच्या गोळीचे शोषण कमी होऊ शकते. डोंग क्वाय ही चिनी औषधी मुळी वॉरफरीनबरोबर घेतल्यास रक्तस्रावाची भीती असते. ‘स्त्रियांच्या’ मिश्रणांत येणारे ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब चढतो. ब्लॅक कोहोश या गरम झळांसाठी घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीचा इस्ट्रोजेनशी संबंध आता शंकास्पद मानला जातो, पण त्यावर २००६ मध्ये युरोपीय औषध संस्थेने यकृताच्या इजेबाबत इशारा दिला. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी आणि टॅमॉक्सिफेन हे स्तनात इस्ट्रोजेनला अडवणारे औषध चालू असलेल्यांनी असे अर्क कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पारलिंगी स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आड येते. या वनस्पतींनी टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक भरवशाने दबत नाही. मग परिणाम दिसेना म्हणून मात्रा वाढवली जाते. इस्ट्रॅडिऑलची नेहमीची रक्तचाचणी ही संयुगे मोजण्यासाठी नसते. त्यामुळे किती पोटात गेले हे अहवालावरून कळत नाही, आणि डॉक्टरला गोळ्यांबद्दल सांगितलेच नसेल, तर चढलेल्या रक्तदाबाचे किंवा यकृताच्या बिघडलेल्या आकड्यांचे कारण तो भलतीकडेच शोधत राहतो.