हेडियन महाकल्प

पृथ्वीच्या निर्मितीपासून सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वीपर्यंतचा आद्य कालखंड. ग्रीक पुराणकथांतील पाताळाचा अधिपती हेडीस याच्यावरून हे नाव अमेरिकन भूवैज्ञानिक प्रेस्टन क्लाउड यांनी १९७२ मध्ये सुचवले. त्यातून सतत धगधगणाऱ्या ग्रहाचे चित्र उभे राहते. ते या काळाच्या सुरुवातीला शोभते, पुढच्या कोट्यवधी वर्षांना मात्र नाही.

सूर्याभोवतीच्या वायू व धूलिकणांच्या तबकडीत सुमारे ४५७ कोटी वर्षांपूर्वी घनकण एकत्र येऊ लागले आणि त्यांच्या आदळण्यातून व चिकटण्यातून पृथ्वीचा पिंड वाढत गेला. आघातांची व किरणोत्सर्गाची उष्णता इतकी होती, की जड लोह वितळून केंद्राकडे बुडाले व त्याचा गाभा बनला. हलकी सिलिकेटे (सिलिकॉन व ऑक्सिजनयुक्त खनिजे) वर राहून त्यांचे प्रावरण, म्हणजे गाभ्याभोवतीचा जाड थर, झाले. मंगळाएवढा एक पिंड पृथ्वीवर आदळून उडालेल्या द्रव्यापासून चंद्र घडला, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्या आघातानंतर पृथ्वीच्या पृष्ठावर शिलारसाचा महासागर पसरला असावा.

या काळातील खडक जवळपास सगळेच नष्ट झाले आहेत. कॅनडातील अकास्टा येथील सुमारे ४०३ कोटी वर्षांचा पट्टिताश्म (नाइस हा पट्टेदार रूपांतरित खडक) हा ज्ञात खडकांपैकी अतिप्राचीन होय. त्याआधीची साक्ष देते ते झिरकॉन हे चिवट खनिज. त्याचा स्फटिक घडताना युरेनियम आत सामावते, शिसे मात्र जवळजवळ शिरतच नाही. त्यामुळे स्फटिकात आज सापडणारे शिसे बहुतांशी युरेनियमच्या क्षयातून आलेले असते, आणि दोहोंच्या प्रमाणावरून वय काढता येते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे, पुष्कळ नंतर साचलेल्या गोटेरी खडकात, मोहरीहून लहान असे जे झिरकॉनचे कण मिळाले त्यांतील सर्वांत जुने सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत. मूळ खडक झिजून गेला, कण वाहत आले, नव्या खडकात रुतले आणि तरी आपल्या जन्माची खूण त्यांनी जपली, ही भूविज्ञानातील विलक्षण गोष्ट म्हटली पाहिजे. त्यांपैकी काही कणांत ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचे (त्याच मूलद्रव्याच्या अधिक वजनाच्या अणूंचे) प्रमाण प्रावरणातून आलेल्या झिरकॉनपेक्षा जास्त आढळते. ज्या शिलारसातून ते घडले त्यात, पृष्ठभागी कमी तापमानाला पाण्याच्या संपर्कात आलेले खडक वितळून मिसळले असावेत, असा याचा अर्थ लावला जातो. म्हणजे पृथ्वी लवकरच निवली होती आणि तिच्यावर द्रवरूप पाणी होते.

भारतात या काळाचा पुरावा पूर्व भारतातील सिंहभूम भूखंडात (प्राचीन, स्थिर कवचाच्या तुकड्यात) मिळतो. ओडिशातील चंपुआ परिसरात, त्याहून बऱ्याच तरुण खडकात अडकलेले सुमारे ४२४ कोटी वर्षांपर्यंतचे झिरकॉन सापडल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राचा बहुतांश भाग व्यापणारा दख्खनचा काळा पाषाण यांच्यापुढे अगदी अलीकडचा, सुमारे ६·६ कोटी वर्षांचा आहे.