६४१ ने भाग जातो

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. आकड्यांत ४,२९,४९,६७,२९७. दोनाचा बत्तिसावा घात, अधिक एक. ही मूळ संख्या आहे असा समज ९२ वर्षं टिकला, आणि समज करून देणारा कुणी ऐरागैरा नव्हता.

पिएर द फर्मा तुलूझच्या न्यायालयात अधिकारी. गणित हा त्याचा फावल्या वेळचा नाद. दोनाचा घात दर वेळी दुप्पट करायचा (१, २, ४, ८, १६) आणि उत्तरात एक मिळवायचा, की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ संख्या. मग पुढच्याही तशाच असणार, असं त्याने १६४० साली फ्रेनिक्ल या फ्रेंच गणितज्ञाला कळवलं. नेमकी सिद्धता हाती नाही, हेही प्रांजळपणे लिहिलं. पण पुष्कळ विभाजक आपण बाद केले आहेत, अशी पुस्तीही जोडली.

१७२९ साली गणितज्ञ गोल्डबाखने तरुण गणितज्ञ ऑयलरला पत्रातून विचारलं, फर्माचं हे विधान ठाऊक आहे का? ऑयलरने सुरुवातीला फारसा रस दाखवला नाही. १७३२ मध्ये मात्र त्याने उत्तरच मांडलं: ६४१ × ६७,००,४१७. कागद-पेन्सिल घेऊन गुणून पाहा, जुळतं.

ऑयलरने काही शेकड्याने भागाकार केले नसावेत. या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत एक मिळवून येतो, हे पुढे त्यानेच सिद्ध केलं. त्या चाळणीतून सुरुवातीला १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढ्याच मूळ संख्या उरतात. म्हणजे पाचव्या भागाकारात निकाल!

मला खटकतं ते इथेच. ही चाळणी ज्या प्रमेयातून निघते ते फर्माचंच, आणि तेही १६४० चंच. त्याच वर्षी त्याच युक्तीने त्याने दोनाच्या सदतिसाव्या घातातून एक वजा केलेल्या संख्येचा २२३ हा विभाजक शोधला होता. तिथे दुसऱ्याच प्रयत्नात यश आलं. इथे हत्यार हातात होतं. बहुधा कुठेतरी हिशेब चुकला.

१७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउसने दाखवलं, की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो. बाजूंची संख्या फर्माच्या मूळ संख्यांपैकी एक, किंवा त्यांतल्या वेगवेगळ्या संख्यांचा गुणाकार असेल तर हे जमतंच. आपली संख्या मूळ असती, तर तेवढ्या बाजूंचा बहुभुजही तत्त्वतः काढता आला असता. ६४१ मुळे तो गेला. पण तिच्यातून दोन वजा करा: ४,२९,४९,६७,२९५ हा बरोब्बर ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ चा गुणाकार. पट्टी-कंपासने काढता येतो अशी खात्री असलेला विषम बाजूंचा सर्वांत मोठा सुसम बहुभुज आजही एवढ्याच बाजूंचा आहे.