दिवाणखान्यातला चेलो: बडोद्याच्या एका जुन्या ओळखीची पार्श्वभूमी

गेल्या हिवाळ्यात बडोद्यात अलकापुरीतल्या एका घरी चेलो (बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं व्हायोलिनसारखं मोठं वाद्य) आणि पियानोची मैफल ऐकली. माणसं चाळीसच्या आत. पुढे सतरंजीवर मुलं आणि आम्ही काहीजण, मागे खुर्च्यांवर ज्येष्ठ मंडळी. चेलोवादक हाताच्या अंतरावर. गज तारेला लागण्याआधी त्याने घेतलेला श्वास ऐकू येत होता, डाव्या हाताची बोटं पट्टीवर पडतानाची टपटपही. मध्यंतरात शेजारच्या काकू चहाचा कप हातात घेऊन म्हणाल्या, "अहो, ही तर बैठकच झाली." त्यांचा शब्द मला फार नेमका वाटला, कारण या संगीताचा जन्मच बैठकीतला आहे.

सतराव्या शतकातल्या इटलीत संगीताचे तीन प्रकार मानत: चर्चचं, रंगमंचाचं आणि खोलीचं. खोली म्हणजे राजवाड्यातली किंवा एखाद्या सरदाराच्या घरातली. आपल्याकडे देवळातल्या कीर्तनाचा आवाज निराळा, नाटकातल्या पदाचा निराळा आणि दिवाणखान्यातल्या ख्यालाचा निराळा, तसंच ते. 'चेंबर म्युझिक' हे नाव त्या खोलीवरून पडलं. दोन-चार वादक, प्रत्येकाच्या वाट्याला स्वतःची ओळ, समोर काठी हलवणारा कुणी नाही. एकमेकांकडे बघत समेवर यायचं.

चेलोला मात्र या खोलीत मानाची जागा मिळायला वेळ लागला. वाद्य सोळाव्या शतकातलं, व्हायोलिनच्याच घराण्यातलं. पण पुढची दीड-दोनशे वर्षं त्याचं मुख्य काम साथीचं होतं. खालच्या स्वरांची ओळ चेलोने धरायची आणि कळफलकावर बसलेल्याने त्या ओळीखाली लिहिलेल्या आकड्यांवरून वरचे स्वर भरायचे. बाखने १७२० च्या सुमारास एकट्या चेलोसाठी सहा सुइट, म्हणजे नृत्याच्या चालींवरच्या तुकड्यांच्या माळा, लिहिले, पण तेही बराच काळ रियाजाचे पाठ समजले गेले. १८९० साली तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सला (पुढचा नामवंत चेलोवादक) बार्सिलोनाच्या एका दुकानात त्यांची प्रत सापडली, आणि ते जाहीर मैफलीत वाजवण्याआधी त्याने बारा वर्षं त्यांच्यावर मेहनत केली.

चेलो साथीदाराचा जोडीदार झाला तो १७९६ मध्ये, बर्लिनला. प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म दुसरा स्वतः चेलो वाजवायचा. मोझार्टने त्याच्यासाठी चेलोला भरपूर वाव देणाऱ्या चौकड्या (चार तारवाद्यांच्या रचना) आधीच लिहिल्या होत्या. पंचविशीतला बीथोव्हेन त्याच्या दरबारी गेला, ओपस ५ (हा रचनेचा क्रमांक) चे दोन सोनाटे, म्हणजे दोन वाद्यांसाठीच्या अनेक भागांच्या रचना, रचले आणि दरबारी चेलोवादक द्युपोरबरोबर स्वतः पियानोवर बसून वाजवले. राजाने बिदागी म्हणून सोन्याची तपकिरीची डबी दिली, आत सोन्याची नाणी भरून. तरी छापील प्रतीवर नाव आधी पियानोचंच होतं. खरी बरोबरी १८०८ च्या तिसऱ्या सोनाट्यात दिसते. तो सुरू होतो तेव्हा पियानो गप्प असतो. चेलो एकटाच सुरावट मांडतो, मग पियानो ती उचलतो. ज्यांनी जुगलबंदी ऐकली आहे त्यांना त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात काय घडलं ते समजावून सांगावं लागत नाही. बीथोव्हेनने असे एकूण पाच सोनाटे लिहिले, शेवटचे दोन १८१५ मध्ये. ब्राम्सचे दोन, १९१५ चा देब्युसीचा, १९३४ चा शोस्ताकोविचचा, हे सगळे त्याच वाटेवरचे.

बडोद्याचा यात संबंध काय, असं कुणी विचारलं तर मी आधी गायनशाळेकडे बोट दाखवीन.

पाश्चात्त्य वाद्यांशी मराठी दरबारांची ओळख त्याहूनही जुनी आहे. तंजावरला सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाश्चात्त्य बँड उभा केला होता. सयाजीराव गायकवाडांची पहिली राणी त्याच तंजावरची, आणि तिच्याबरोबर तिथल्या नर्तकीही बडोद्याला आल्या. सयाजीरावांच्या राज्यात वाद्यांची दोन जगं शेजारी शेजारी नांदत होती. एकीकडे युरोपीय बँडमास्तराच्या हाताखालचा राज्याचा बँड, दुसरीकडे कलावंत खात्यातले गवई आणि बीनकार. या दोन जगांमध्ये पूल बांधायचा प्रयत्न केला तो दरबारचे गवई मौलाबक्ष यांनी. १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने त्यांनी गायनशाळा सुरू केली, चिजा कागदावर उतरवण्यासाठी स्वतःची स्वरलेखनपद्धती वापरली आणि वर्गात सामुदायिक शिक्षण दिलं. त्यांचे चिरंजीव अलाउद्दीनखां यांना सयाजीरावांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकायला पाठवलं. गायनशाळा पुढे विद्यापीठात सामील झाली, आणि सुरसागरच्या काठावरून संध्याकाळी जाताना आजही तिथून रियाजाचा आवाज येतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. मौलाबक्षांचे नातू इनायतखां, जन्म बडोद्याचा, ५ जुलै १८८२. वीणावादक आणि पुढे सूफी गुरू. १९१० मध्ये ते भाऊ मेहबूबखां आणि नात्यातले मोहम्मद अलीखां यांच्यासह अमेरिकेला निघाले. पुढे पॅरिसजवळच्या सुरेन गावात हे कुटुंब स्थिरावलं. मेहबूबखांनी पाश्चात्त्य पद्धतीची, पियानोच्या साथीची गाणी रचली. इनायतखांच्या मुलांपैकी थोरली नूर हार्प आणि पियानोकडे वळली, हिदायत व्हायोलिनकडे, आणि विलायतने हाती घेतला तो चेलो. म्हणजे ज्या घराण्याचं मूळ आपल्या गायनशाळेत, त्याच घराण्याच्या चौथ्या पिढीत फ्रान्समधल्या एका घराच्या बैठकीत चेलो वाजत होता. नूर पुढे ब्रिटिशांसाठी हेरगिरी करताना पकडली गेली आणि सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत मारली गेली. तिच्या शौर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, ते रास्तच आहे. पण बडोदेकरांनी तिला हार्पजवळ बसलेलीही आठवावं आणि शेजारी तिच्या भावाचा चेलोही, असं मला मनापासून वाटतं.

इकडे बडोद्यात मात्र चेलो फारसा रुळला नाही. व्हायोलिन रुळलं, आणि त्याचं एक कारण साधं आहे: व्हायोलिन मांडी घालून वाजवता येतं, एक टोक छातीशी आणि दुसरं पावलावर टेकवून. चेलोला खुर्ची लागते, आणि जमिनीत रुतवायला खाली लोखंडी खुंटी. बैठकीच्या गादीवर खुर्ची आली की सगळी मांडणीच बदलते. मुंबईत चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी चेलो घराघरांत पोचवला, पण तो व्हायोलिनच्या ताफ्यामागचा आवाज होता, नाव नसलेला. पुढे नॅन्सी कुलकर्णी यांनी झिया मोहिउद्दीन डागरांकडे शिकून चेलोवर ध्रुपद वाजवलं, आणि सास्किया राव-द हास यांनी खाली बसून वाजवता येईल असा पाच तारांचा, तरफा (आपोआप झंकारणाऱ्या तारा) असलेला चेलो घडवून घेतला. खर्जातली मींड हे या वाद्याचं बलस्थान. आपल्या कानाला ते ओळखीचं वाटतं ते त्यामुळेच.

पियानोची अडचण वेगळी, आणि माझ्या मते बडोद्यात या मैफली कमी होतात त्याचं मोठं कारण तीच. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा, आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण काही टनांचा. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा लाकडी ध्वनिफलक फुगवतो आणि सूर चढतो. हिवाळ्यात कोरडी हवा तो उतरवते. शिवाय चेलोवाल्याला ऐन वेळी सूर हलवता येतो, पियानोवाल्याला येत नाही, म्हणून चेलो नेहमी पियानोला मिळवून घ्यावा लागतो. एका कार्यक्रमात पियानो न मिळवताच ठेवला होता. मधल्या सप्तकातले दोन स्वर उतरलेले, आणि बिचारा चेलोवादक संपूर्ण वेळ बोट किंचित मागे सरकवत त्यांच्याशी जुळवून घेत होता. ऐकणाऱ्यांना नक्की काय खटकतंय ते कळलं नाही, पण खटकलं सगळ्यांना.

जागेचंही तसंच. लक्ष्मी विलास राजवाड्याचा दरबार हॉल भव्य आहे, मोझेइकची फरशी, रंगीत काचा, तिथे गाणं ऐकणं हा अनुभवच असतो. पण चेलो-पियानोला त्याहून लहान, उंच छताची आणि पडदे-गालिचे असलेली खोली हवी. उघड्या फरशीवर पियानोचा आवाज घुमतो आणि चेलोचे मधले स्वर त्यात बुडतात. म्हणून जाणते वादक लहान जागेत पियानोचं झाकण पूर्ण उघडत नाहीत, आखूड दांडीवर टेकवतात. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या वाड्यांतले लाकडी तुळयांचे दिवाणखाने या संगीतासाठी मला फार योग्य वाटतात. त्यांतले थोडेच उरलेत. जे आहेत त्यांच्या मालकांशी कुणीतरी बोलायला हवं.

अलकापुरीच्या त्या घरी पियानो दुपारीच मिळवून घेतला होता, बाहेरगावाहून माणूस बोलावून. संध्याकाळी दारं लावल्यावर पियानोवादकाने पांढरी सहा दाबून धरली. चेलोवाल्याने डोळे मिटून सर्वांत वरची तार तिला लावली, मग खाली उतरत पांढरी दोन, पांढरी पाच, आणि शेवटी खर्जाची पांढरी एक. ती तार लागली तेव्हा सतरंजीखालची फरशी आमच्या पायांना हलकेच जाणवली. पुढे बसलेल्या एका मुलीने तळहात जमिनीला टेकवला आणि तुकडा संपेपर्यंत उचलला नाही.